बसेपर्यंत कासाराची

"साठ दिवस संपले, मॅडम," फोनवरची मुलगी म्हणाली. "त्यापुढचा खर्च पॉलिसीत बसत नाही."

"अगं, त्या साठातले पंचेचाळीस दिवस माझा हात प्लास्टरमध्ये होता," मी म्हटलं. "प्लास्टरमधल्या हाताला व्यायाम कसा देतात? बाहेरून टाळ्या वाजवून?"

"दवाखान्यातून घरी सोडल्यापासून साठ दिवस, मॅडम. नियम आहे. आता व्यायामासाठी तुम्ही ॲडमिट नाही आहात ना?"

"व्यायामाला कोण ॲडमिट होतं गं?"

"म्हणूनच, मॅडम."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला," मी म्हटलं, "तू इथं ये आणि माझं मनगट बघ. चमचा धरता येत नाही मला." तिनं मला थांबायला सांगितलं आणि सनई लावून दिली. सनई काही संपेना, तेव्हा मी फोन ठेवून दिला.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा माझा उजवा हात कोमट पाण्याच्या टबात होता आणि समोरच्या स्टुलावर डॉक्टर सना बसली होती. सत्तावीस वर्षांची पोर, फिजिओथेरपी शिकलेली. फलटणात तिनं दवाखाना काढून वर्षही झालं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "काकू, मूठ मिटा."

मी मिटली. म्हणजे बोटं जराशी वाकली. मध्ये अख्खं लिंबू मावलं असतं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी प्रमिला वेळापुरे, कासारीण. बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. त्या वर्षी मार्गशीर्षात दुकानाच्या पायरीवरून माझा पाय घसरला. हातात काचेच्या बांगड्यांचा डबा. दुसरी कुणी असती तर तिनं डबा टाकून भिंत धरली असती. मी डबा डाव्या हातानं उंच धरला आणि उजव्या मनगटावर आपटले. एक बांगडी फुटली नाही. मनगटाचे मात्र तीन तुकडे झाले.

हाडात तारा घातल्या, वर प्लास्टर बांधलं. ऑपरेशनचे पैसे विमा कंपनीनं बिनतक्रार दिले, खोटं कशाला बोलू? एजंट बोराडेंना मी घरी पेढे नेऊन दिले. मला काय ठाऊक, विम्याला मोडलेलं हाड कळतं, आखडलेला हात कळत नाही!

सनाकडे पहिल्या दिवशी गेले तेव्हा पाटीवरचं आडनाव वाचून मी दारातच थांबले होते.

"मणियार? म्हणजे बांगडीवाले मणियार?"

"हो काकू. माझी आजी टोपली घेऊन गावोगाव फिरायची."

"म्हणजे आमची गिऱ्हाइकं पळवायची, ती तुझी आजी!"

"आजी म्हणायची, कासार पळवतात."

मला हसू आलं. म्हटलं, बरोबर आहे, माझा हात धरायला शेवटी मणियारांचीच पोर मिळायची होती! पण हात धरून घेणं मला काही जमेना. उभा जन्म मी दुसऱ्यांचे हात धरले होते. माझा कुणी असा धरला, दाबला, वाकवला नव्हता. ती मनगट वाकवायला जायची आणि मी अख्खा खांदा आखडून बसायची.

आणि हात तर मला लवकर हवा होता. वैशाखात जगदाळ्यांच्या स्वप्नालीचं लग्न ठरलं होतं आणि तिचा चुडा मलाच भरायचा होता. कारण सांगते. आमचे हे गेले तेव्हा मी चाळिशीत होते. दुकान चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, पण गावात कुजबुज सुरू झाली, आता हिच्या हातून सवाष्णींनी बांगड्या भरायच्या का? पंधरा दिवस मी दुकानात बसून माश्या मारल्या. सोळाव्या दिवशी जगदाळ्यांच्या सरूकाकी आल्या. भर बाजाराचा दिवस. पायरीवर बसल्या, हात पुढे केला आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भर गं प्रमिला. कासाराच्या हाताला कसलं आलंय विधवापण?" त्या दिवसापासून दुकान चाललं ते चाललं. स्वप्नाली त्यांची नात. तिच्या चुड्याला मी दुसऱ्या कुणाला बसू देणार होते होय?

माझा मुलगा अवी म्हणत होता, "आई, तू गल्ल्यावर बस. हल्ली बायका पाकिटातल्या मेटलच्या बांगड्या नेतात आणि घरी आपल्या आपण घालतात. काचेचं बंदच करू." वाईट हेतू नव्हता बिचाऱ्याचा. तरी मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

तर सनईनंतरची गोष्ट. एका सीटिंगचे दोनशे रुपये, आठवड्यातून तीन सीटिंग, अजून तीन महिने. त्यातच विम्याचा पुढच्या वर्षाचा हप्ता आला. तो चुकवावा तर उद्या दुसरं काही मोडलं की हात चोळत बसायचं, आणि चोळायला हात तरी कुठे होता! अवी म्हणाला, "बघतो मी." दुसऱ्या दिवशी सून हळूच मला सांगते, "आई, ते मोटरसायकल विकायला काढतायत." ज्या गाडीवर माल लादून पोरगा गिरवीचा, ताथवड्याचा बाजार करतो, ती गाडी! मी म्हटलं, बास झालं.

बोराडेंनी एक तोड काढली होती. दुकानात येऊन कानाशी लागले, "काकू, दोन दिवस ॲडमिट झाल्यासारखं दाखवू. ओळखीचा दवाखाना आहे."

"भाऊ," मी म्हटलं, "खोटा माल मी कधी विकला नाही. आता खोटी आजारी कशाला पडू?"

मोठी सत्यवादी! आणि त्याच संध्याकाळी अवीला बिनदिक्कत थाप मारली. म्हटलं, "कंपनीचा फोन आला होता. द्यायला तयार झाले. तू गाडीला हात लावू नकोस."

"खरंच? कसे काय तयार झाले?"

"चांगलं झापलं मी त्यांना."

हे मात्र त्याला लगेच पटलं.

मग सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेदहा वाजले की मी पिशवी घेऊन सनाकडे जाते म्हणून निघायची आणि राममंदिराच्या ओवरीत जाऊन बसायची. सत्यवचनी रामाच्या पायाशी बसून थापा पचवायच्या, म्हणजे बघा. एक रबरी चेंडू विकत घेतला होता, तो दाबत बसायची. दाबायची म्हणजे काय, जिथं दुखलं तिथं सोडून द्यायची. दुखेपर्यंत दाबायला समोर कुणीतरी डोळे वटारणारं लागतं. दोन आठवड्यांत हात पुन्हा लाकडासारखा झाला. सुटलेली बोटं परत आखडली. मी कुणाला सांगितलं नाही, पण जेवताना ते दिसायचं.

तिसऱ्या सोमवारी मी देवळातून बरोबर साडेअकराला दुकानात परतले, तर गादीसमोर सना बसलेली. अवी तिला चहा देत होता.

"घ्या डॉक्टर," तो म्हणत होता, "कंपनीचे पैसे वेळेवर येतायत ना?"

"कुठली कंपनी?" सना म्हणाली. "काकू तर दोन आठवडे आल्याच नाहीत. तेच विचारायला आले."

मी वरच्या फळीवरचे डबे सरळ करू लागले. ते सरळच होते.

"आई!" अवी म्हणाला.

"काय आई? तू मोटरसायकल विकणार होतास ते?"

"ते तुला कुणी सांगितलं?"

"ते महत्त्वाचं नाही!"

"आणि तू रोज जात कुठं होतीस?"

"राममंदिरात."

अवीला हसावं की चिडावं कळेना. त्यानं कप खाली ठेवला. "एवढ्यासाठी तू हात घालवणार? स्वप्नालीचा चुडा आता काय पायानं भरणार आहेस?"

हे वर्मी लागलं. मी गप्प झाले. मी गप्प झाले की अवी घाबरतो, तसा तो घाबरला.

"भांडण नंतर करा," सना म्हणाली. तिनं ओढणी मागं सारली आणि हात माझ्यापुढं केला. "काकू, मला बांगड्या भरा. हिरव्या. काचेच्या."

"आत्ता?"

"गिऱ्हाईक आहे मी. परत पाठवणार?"

आता कासारणीला हे विचारायचं? मी गादीवर बसले. तिचा हात हातात घेतला. मऊ हात, दोन-चारचं माप, डोळे मिटून भरावा असा. अंगठ्याच्या बुडाशी दाबून पंजा निमुळता करायचा आणि बांगडी फिरवत वर घ्यायची, बस. हजारदा केलेलं काम. माझ्या अंगठ्यात जोरच येईना. पहिली बांगडी सांध्यावर अडली आणि फुटली. दुसरी फुटली. तिसरी अर्ध्यात गेली, मला वाटलं बसली, तोवर तीही गेली. सनाच्या हाताला बारीक ओरखडा उठला. मी हातातला तुकडा खाली ठेवला आणि रडले. गिऱ्हाइकासमोर आयुष्यात पहिल्यांदा रडले. मला माझ्या हाताची लाज वाटली.

सनानं पर्स उघडली. "तिन्हींचे किती झाले?"

"फुटलेल्या बांगड्यांचे?" मी डोळे पुसत म्हटलं. "वेड लागलं का तुला? बसेपर्यंत बांगडी कासाराची. भरताना फुटली तर नुकसान त्याचं, गिऱ्हाइकाचं नाही. मणियारांच्या घरची ना तू? एवढंही ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. तुमच्या तोंडून हवं होतं," ती म्हणाली. "आता ऐका. तुमचा हात अजून बसलेला नाही. बसेपर्यंत तो माझा. बसला की सगळे पैसे घेईन. नाही बसला तर नुकसान माझं."

"हे बघ, दानधर्म मला नको."

"दानधर्म? काकू, बांगडीवालीची नात आहे मी. एक रुपया सोडणार नाही. फक्त आधी घेणार नाही."

"आणि नाहीच बसला तर?"

"तुमच्या आजवर किती फुटल्या?"

"मोजल्यात कुणी? हजारो."

"म्हणून दुकान बंद केलंत?"

मी अवीकडे पाहिलं. म्हटलं, हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. तो तोंडावर हात ठेवून हसत होता. "आई, तुझ्याच नियमात अडकलीस," तो म्हणाला. "आता हो म्हण."

नाइलाज होता. धंद्याचा नियम मोडून मी तोंड कुठं दाखवणार होते?

दुसऱ्या दिवसापासून सनानं सीटिंगचे दोन भाग केले. सकाळी दवाखान्यात पाणी, ताणणं, वाकवणं, माझं ओरडणं. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना दुकानात बांगड्या भरणं. आधी प्लास्टिकच्या, त्याही मोठ्या मापाच्या. मग काचेच्या, पण ढिल्या. मग जरा मापाच्या. ती जेवणाचा डबा घेऊन यायची आणि खाता खाता माझ्यावर ओरडायची, "काकू, खांदा खाली! मनगटानं फिरवा, खांद्यानं नाही!"

"जेव गं गप," मी म्हणायची. पण खांदा खाली घ्यायची.

पण भरायला हात हवेत ना समोर? पहिले चार दिवस सुनेनं आपले दिले. तिचे हात लाल झाले. मग गल्लीत बोभाटा झाला आणि बायका आपणहून येऊ लागल्या. "काकू, फुटल्या तर फुटल्या, माझा हात घ्या." शाळेतल्या बाई यायच्या, भाजीवाली शांता यायची. एकदा बोराडेंची बायको आली. तिचा हात म्हणजे गुबगुबीत, सांधा कुठं ते शोधावं लागे. मी म्हटलं, "तुम्ही काय काम काढलंत?" तर म्हणते, "आमच्यांनी पॉलिसी दिली, पुढचं मी देते." असं हसलो आम्ही! तिच्या हातावर माझ्या अकरा बांगड्या गेल्या आणि बारावी बसली.

चैत्र संपता संपता मला चमचा धरता येऊ लागला. लिंबाचं सुपारीवर आलं. अवीनं मेटलच्या पाकिटांचं नाव काढणं सोडलं.

आणि आला चुड्याचा दिवस. जगदाळ्यांच्या अंगणात मांडव, सतरंजीवर पन्नास-साठ बायका, मध्ये पाटावर स्वप्नाली. सरूकाकी ऐंशीच्या पुढे गेलेल्या, खुर्चीत बसून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. त्यांनी मुद्दाम निरोप धाडला होता, "ती डॉक्टरीण पोरही येऊ दे." सना मागं भिंतीशी बसली होती.

स्वप्नालीचा हात हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. गोळा फेकून फेकून पंजा रुंद झालेला, तळव्याला घट्टे, सांधे कडक. तिची आई नंदा हळूच म्हणाली, "काकू, मोठ्या मापाच्या घ्या. तुमच्या हाताला त्रास नको."

"नवरीच्या हातात ढगळ बांगड्या?" मी म्हटलं. "लोक म्हणतील काकूनं उसन्या आणून घातल्या."

एकवीसचा चुडा, उजव्या हातात अकरा आणि डाव्यात दहा. उजव्यातल्या अकरा बसल्या. घाम फुटला, पण बसल्या. डाव्या हातात पाच बसल्या. सहावी सांध्यावर आली, माझा अंगठा निसटला आणि कट्‌कन आवाज झाला. हिरवी काच नवरीच्या मांडीवर पडली.

चुड्याची बांगडी, लग्नाच्या आदल्या दिवशी! नंदाचा चेहरा पांढरा पडला. कुणीतरी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. ज्या घरानं मला उभं केलं, त्याच घरात मी हे केलं.

"नंदे," सरूकाकींचा आवाज आला, "तोंड कशाला पाडतेस? बसेपर्यंत बांगडी कासाराची. पोरीची कुठं फुटली? प्रमिलाची फुटली. आणि तिला सवय आहे. भर गं पुढची."

आधी स्वप्नाली हसली, मग सगळं अंगण हसलं. मी पुढची बांगडी उचलली खरी, पण सांध्याजवळ नेऊन तिथंच धरून बसले. तेवढ्यात मागून अगदी साध्या सुरात आवाज आला, "काकू, खांदा."

बघते तर खांदा कानाला टेकलेला. मी तो खाली सोडला. श्वास घेतला. मनगट फिरवलं. बांगडी सांध्यावरून सरकली आणि बसली. मग सातवी, आठवी, नववी, दहावी. एकही अडली नाही.

आमच्यात रीत आहे. बांगड्या भरून झाल्या की जिचा हात धरला ती कासाराला नमस्कार करते. वय कुणी बघत नाही. सरूकाकी माझ्या सासूच्या वयाच्या, त्यांनीही मला केलाय. स्वप्नालीनं वाकून नमस्कार केला. मग एकेक करत मांडवातल्या बायका बांगड्या भरून घ्यायला आल्या. सना सगळ्यांच्या शेवटी आली. तिचा दोन-चारचा हात मी गप्पा मारता मारता भरला. झाल्यावर तीही वाकायला लागली. घरचीच रीत ना तिची.

"थांब," मी म्हटलं. "आधी सांग, माझा हात बसला का?"

तिनं तिथंच मला मूठ मिटायला लावली, मनगट वर-खाली, आत-बाहेर फिरवून पाहिलं. "ऐंशी टक्के."

"म्हणजे वीस टक्के तुझं नुकसान?"

"छे. वीस टक्के सोमवारपासून. साडेदहाला."

मी कमरेचा बटवा काढून पैसे तिच्या हातात ठेवले. लग्नसराईची कमाई होती, मोटरसायकल दारात उभी होती. तिनं मुकाट्यानं घेतले, आणि बरं केलं. नको म्हणाली असती तर मी तिथंच भांडले असते.

मग मी उठले, हात जोडले आणि तिच्या पायाशी वाकले.

"काकू!" ती दोन पावलं मागं सरली. "हे काय? मी केवढी, तुम्ही केवढ्या!"

"गप उभी राहा," मी म्हटलं. "जिचा हात धरला तिनं करायचा. रीत म्हणजे रीत."

तिचे डोळे भरून आले. माझे तर कधीचेच वाहत होते. सरूकाकी खुर्चीतून म्हणाल्या, "अगं पोरी, नमस्कार घेतला की आशीर्वाद द्यावा लागतो. दे काहीतरी."

सनानं नाक ओढलं. नव्या बांगड्यांचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. आणि मग ती मणियारांची पोर लग्नाच्या मांडवात, साठ सवाष्णींच्या देखत, मोठ्यानं म्हणाली,

"काकू, तुमच्या हातून अजून खूप बांगड्या फुटू देत."

साठ बायकांनी एकदम जीभ चावली. मी मात्र हसत सुटले. जो रोज भरतो त्याच्याच फुटतात. हे तिला कळत होतं, मला कळत होतं, आणि खुर्चीत बसून पोट धरून हसणाऱ्या सरूकाकींना कळत होतं.

बारा वर्षं झाली. काल दुपारीच दोन फुटल्या.